रंजनाचा निवाडा : प्रणयकादंबरी आणि वाचनसुखाची नैतिकता

मराठी समीक्षेत ‘रंजनपर’ हे विशेषण वर्णन म्हणून क्वचितच येते. बहुधा ते निकाल म्हणून येते. एखादी कादंबरी रंजनपर आहे असे एकदा म्हटले की तिच्याविषयी अधिक बोलण्याची निकड उरत नाही, आणि ती आवडीने वाचणाऱ्याविषयी तर मुळीच नाही. साचेबद्ध पात्रे, सोयीस्कर योगायोग, कृतक भावविवशता, शेवटच्या प्रकरणात हमखास घडणारे मीलन हे आक्षेप नवे नाहीत, आणि बव्हंशी ते खरेही आहेत. परंतु ते कलाकृतीवरचे आक्षेप आहेत. त्यांच्या आडून वाचकावर जो आक्षेप घेतला जातो तो वेगळा असून तो उघडपणे सहसा मांडला जात नाही. ज्या वाचकाला या साऱ्या उणिवा ठाऊक आहेत आणि तरीही जो केवळ सुखासाठी प्रणयकादंबरी, किंवा वय उलटून गेल्यावरही कुमारवयीनांसाठी लिहिलेली प्रेमकथा, हाती घेतो, त्याच्या हातून काही नैतिक उणे घडते काय? सामान्य प्रतीचे पुस्तक वाचणे आणि सामान्य प्रतीने वाचणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच या आवडीभोवती संकोचाचे एक कुंपण उभे राहिले आहे. मराठीचे विद्यार्थी आणि अध्यापक या कुंपणाशी परिचित आहेत. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात या पुस्तकांचे ऋण कोणी मान्य केल्याचे ऐकिवात नाही.

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न या स्वरूपात विचारलाच नसता. मम्मटाने सांगितलेल्या काव्यप्रयोजनांत यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अनिष्टनिवारण आणि कांतासंमित उपदेश यांच्या जोडीला सद्यःपरनिर्वृती येते, आणि वृत्तीत तो तिलाच सर्व प्रयोजनांच्या शिरोभागी बसवतो. म्हणजे आनंदाला दुसऱ्या कोणत्या प्रयोजनाचा दाखला जोडावा लागत नाही. अर्थात हा आनंद सहृदयाचा, आणि सहृदय कोणाला म्हणावे हे ठरवणारी अधिकारव्यवस्था त्या शास्त्राच्या मागे उभी आहेच. (उपदेशाला कांतेच्या बोलण्याची उपमा देणाऱ्या शास्त्राने त्या कांतेने स्वतः काय वाचावे याचा विचार केला नाही, हेही नोंदवून ठेवावे.) रसानंद आणि रंजन एक नव्हेत, हा आक्षेप येथे लगेच येईल. त्याकडे पुढे वळावे लागेल. तूर्त एवढेच लक्षात घ्यावयाचे की सुख हे वाचनाचे पुरेसे कारण आहे, ही भूमिका आपल्या परंपरेला परकी नाही. सुखाकडे हिशेब मागण्याची सवय नंतरची आहे.

ती सवय मुद्रित कादंबरीबरोबर आली. पुराण आणि कीर्तन यांचे श्रवण चारचौघांत होत असे. ऐकणारी बाई कोणत्या प्रसंगी हसली आणि कोणत्या प्रसंगी तिने डोळ्यांना पदर लावला हे सर्वांना दिसत असे. कादंबरी एकट्याने आणि मनात वाचावयाची असते. वाचणारीच्या मनात त्या वेळी काय चालले आहे हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. कादंबरीवाचनाविषयीच्या नैतिक संशयाचे मूळ तिच्यातील मजकुराइतकेच, किंबहुना अधिक, या न दिसण्यात आहे. काशीबाई कानिटकरांच्या (१८६१–१९४८) पिढीतील स्त्रियांना सासरी वाचायलाच चोरून शिकावे लागले. तेव्हा प्रश्न अमुक पुस्तकाचा नव्हता. घरातल्या माणसाने घरात बसूनच घराबाहेर जाण्याचा होता.

आरंभीच्या मराठी कादंबऱ्या या संशयाला उत्तर देतच जन्माला आल्या. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हे प्रयोजन पुढे केले. अकरा वर्षांनी आलेल्या ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी मात्र एक निराळी कैफियत मांडली. आपल्या लोकांतील विवाहाच्या रीती आणि इतर परिस्थिती पाहता त्यांच्या आयुष्यात मन गुंतवील असे काही घडत नाही. रोज अनुभवास येते तेच लिहावे तर त्यात कोणाला गोडी वाटणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू जाणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा तिचा आशय आहे. कादंबरीच्या इतिहासकारांनी ही प्रस्तावना बहुधा वास्तवाकडे पाठ फिरवणाऱ्या प्रवृत्तीची कबुली म्हणून वाचली. ती तशी आहेही. परंतु तिच्यात एक सामाजिक साक्षही आहे, आणि ती अधिक मोलाची आहे. आठव्या-नवव्या वर्षी लग्न लागणाऱ्या समाजात प्रियाराधन कोणी कोणाचे आणि केव्हा करावे? प्रणयकथा अद्भुताकडे वळते ती लेखकाला वास्तवाचे भान नाही म्हणून नव्हे. वास्तवात प्रणयाला जागाच ठेवलेली नाही म्हणून. ‘अवास्तव’ हा शब्द मग आरोप म्हणून वापरताना थोडे थांबावे लागते. पुस्तकात जे अवास्तव दिसते ते वाचकाच्या भाबडेपणाचे माप आहे, की भोवतालच्या जीवनाने काय नाकारले आहे याचे?

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’ असे होते, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही मराठीतील सर्वांत व्यथित कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली, ही घटना रंजन आणि गांभीर्य यांची फारकत करणाऱ्यांनी पुरेशी विचारात घेतलेली नाही. करमणुकीच्या ओढीने पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचकच यमुनेच्या दुःखापर्यंत पोचत होता. पुढे ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्यामुळे गाजलेला ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ हा वाद खरे म्हणजे हा प्रश्न सोडवण्याची संधी होती. ती वाया गेली. दोन्ही पक्ष लेखकाच्या हेतूविषयी बोलत राहिले. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ (१९३१) कथानक कसे रचावे, उत्कंठा कशी वाढवावी हे सांगते. ती उत्कंठा अनुभवणारा वाचक त्यात एखाद्या यंत्राच्या दुसऱ्या टोकासारखा आहे. खांडेकरांना वाचक घडवावयाचा होता. वाचक स्वतः काय करतो, हे दोघांनीही विचारले नाही. नंतरच्या नवसमीक्षेने तर दोघांनाही एकाच दाराने बाहेर काढले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा वाचकही गेला.

युरोपातही या संशयाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. प्रेम आणि पराक्रमाच्या कथा वाचून वेडा झालेला पहिला प्रसिद्ध वाचक पुरुष आहे, आणि तोही पन्नाशीला टेकलेला. सर्व्हांतेसचा (१६०५) हा वाचक हास्यास्पद असला तरी वाचकांच्या मनात त्याच्याविषयी माया उरते. अडीच शतकांनी त्याच रोगाचे निदान फ्लोबेरने एमा बोव्हारीच्या बाबतीत केले, तेव्हा त्यातील हसू बरेच कमी झाले होते. ‘मादाम बोव्हारी’वर १८५७ च्या आरंभी पॅरिसमध्ये खटला चालला. त्यात सरकारी वकिलाची मुख्य चिंता ही की असली पुस्तके राज्यकारभार किंवा अर्थशास्त्र यांत गढलेल्या पुरुषांच्या हाती पडत नाहीत. ती पडतात मुलींच्या, कधी विवाहित स्त्रियांच्या हाती. फ्लोबेर सुटला, युक्तिवाद मात्र टिकून राहिला. गंमत अशी की एमाचे वाचन घातक ठरवणारी कादंबरीच घातक वाचन म्हणून न्यायालयात उभी होती.

मराठीत हा युक्तिवाद न्यायालयात आला तो चंद्रकांत काकोडकर यांच्या निमित्ताने. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा आरोप ठेवण्यात आला. एका कवीच्या आयुष्यात क्रमाने आलेल्या तीन स्त्रियांची ही कहाणी. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो निर्णय फिरवला. या निकालपत्राकडे मराठी समीक्षेचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. अश्लीलतेच्या कायद्याच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घेतली, पण त्यातील दोन मुद्दे थेट साहित्यविचाराचे आहेत.

पहिला मुद्दा वयाचा. पुस्तक अपरिपक्व वाचकांच्या, विशेषतः किशोरवयीनांच्या, हाती पडले तर काय, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. कामभावनेचा केवळ उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरवयीनांना अयोग्य ठरवायची तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही आणि निव्वळ धार्मिक ग्रंथांवर भागवावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कथा फारशी उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, तिच्यात लेखकाची अपरिपक्वता आणि अनुभवाचे तोकडेपण दिसत असेल, तरीही आक्षेप घेतलेल्या उताऱ्यांत अश्लील म्हणता येईल असे काही नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. म्हणजे वाङ्मयीन दर्जा आणि नैतिक दोष यांचे निवाडे वेगवेगळे द्यावयाचे असतात, हे तत्त्व त्याने व्यवहारात पाळून दाखवले. समीक्षेला जे वर्गात साधत नाही ते येथे न्यायासनावरून साधले गेले. ‘ही कथा सुमार आहे’ हे विधान ‘ही कथा वाचणे वाईट आहे’ या विधानाकडे आपोआप घसरत जाते, त्या उतारावर न्यायमूर्तींनी पाय रोवले.

मात्र निर्दोष सुटका म्हणजे नैतिक प्रश्नाचे उत्तर नव्हे. शिक्षा करू नये, एवढेच त्यातून सिद्ध होते. सुखाचा विचार त्यापुढे करावा लागतो.

हा विचार ज्या काळात करता आला असता तो काळ मराठीत साठ ते ऐंशी या दशकांचा. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे यांची पुस्तके या काळात घरोघरी जात होती. सार्वजनिक ग्रंथालयांपेक्षाही गल्लीबोळांतील खाजगी वाचनालयांनी त्यांना वाचक मिळवून दिला. या लेखिकांत परस्परांपासून पुष्कळ अंतर आहे. त्या सर्व प्रणयकादंबरीकारही नव्हेत. समीक्षेने त्यांना ‘लोकप्रिय लेखिका’ या एकाच गाठोड्यात बांधले आणि वाचणाऱ्या बायकांना दुपारच्या झोपेला पर्याय शोधणाऱ्या म्हणून सोडून दिले. इंग्रजी माध्यमातील मुली याच काळात मिल्स अँड बून वाचत होत्या. १९०८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने भारतात अधिकृतपणे प्रकाशन सुरू केले ते २००८ मध्ये. तोवर तिची पुस्तके पदपथावरून आणि भाड्याच्या वाचनालयांतून हातोहात फिरली.

वाचणाऱ्यांनाच विचारावे, हे पद्धतशीरपणे केले ते अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी. ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) हा त्यांचा ग्रंथ, स्मिथटन असे कल्पित नाव दिलेल्या गावातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी झालेल्या संवादावर उभा आहे. या स्त्रियांनी कथेविषयी बोलण्याआधी वेळेविषयी सांगितले. दिवसभर नवरा आणि मुले यांच्या गरजा पुरवणाऱ्या बाईला हातात पुस्तक असेतोवर कोणी हाक मारू नये, ही त्या वाचनातील पहिली कमाई. रॅडवे यांनी येथे एक उपयुक्त भेद केला. वाचण्याची कृती आणि वाचलेला मजकूर या दोहोंचा अर्थ उलट दिशांना जाऊ शकतो: कृती ही घरातील व्यवस्थेविरुद्धची लहानशी तक्रार असते, तर मजकूर त्याच व्यवस्थेशी समेट घडवतो, नायकाच्या तुटकपणात आणि कठोरपणातही दडलेले प्रेमच वाचावे, असे तो शिकवतो. पुढे राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादेत पाश्चात्त्य प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या तरुणींचा अभ्यास केला, तेव्हा त्या वाचनाला वर्ग, स्त्रीत्व आणि राष्ट्रीयत्व यांचे स्थानिक पदर असल्याचे दिसले.

या अभ्यासांचे ऋण मोठे आहे. तरीही त्यांच्या आधारे पुढे जे समर्थन रूढ झाले त्यात एक जुनी खोड नव्या वेशात परत आली. पूर्वी रंजनाला बोधाचे प्रमाणपत्र लागत असे. आता प्रतिकाराचे लागू लागले. बाई कादंबरी वाचते ती पितृसत्तेला तात्पुरता नकार देण्यासाठी, असे म्हटले की अभ्यासकाची अडचण दूर होते, कारण सुखाला एक आदरणीय हेतू मिळतो. परंतु तिला ती कादंबरी आवडते, हे वाक्य अजूनही तसेच अनुत्तरित राहते. नवऱ्याने हाक मारू नये एवढाच हेतू असता तर तिने विणकामही केले असते. कुमारवयीनांसाठीच्या पुस्तकांचे समर्थनही असेच चालते: त्यांतून वाचनाची गोडी लागते, पुढे मुले ‘खऱ्या’ साहित्याकडे वळतात. चाळिशीतील माणूस तेच पुस्तक आनंदाने वाचत असेल तर त्याला कोणत्या जिन्याची पायरी म्हणायचे?

वाचनसुखाच्या स्वरूपाचा विचार करताना न. चिं. केळकरांच्या एका जुन्या कल्पनेकडे परत जावेसे वाटते. बडोद्याच्या १९२१ च्या साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषणात त्यांनी मांडलेली ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना पाठ्यपुस्तकी होऊन गुळगुळीत झाली आहे, पण तिचा उपयोग संपलेला नाही. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही स्वतःचे भान सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतच आनंद असतो, हे तिचे सार. प्रणयकादंबरीच्या वाचकावरील आरोप असा की तिची समाधी निर्विकल्प असते, म्हणजे ती वाहून जाते. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या रसविघ्नांपैकी निजसुखादिविवशीभाव, स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे, हे विघ्न तिला कायमचे जडले आहे असे मानले जाते.

हे तपासून पाहता खरे वाटत नाही. स्मिथटनच्या वाचकांपैकी काही जणी शेवटचे पान आधी वाचून घेत. दुःखान्त पुस्तक त्यांना नको असे. हा भाबडेपणा नाही. शेवट ठाऊक असताना वाचण्यात जो विकल्प जागा असतो तो, शेवट काय होईल या ओढीने वाचणाऱ्या ‘गंभीर’ वाचकापेक्षा, अधिकच असतो. हरिश्चंद्राच्या आख्यानाला बसलेल्या श्रोत्यांना शेवट ठाऊक नव्हता असे कोणी म्हणत नाही. दुसरे असे की संकेतबद्धता हीच येथे साधारणीकरणाचे साधन होते. नायक उंच, अबोल, गर्विष्ठ आणि आतून हळवा असतो, कारण तो कोणी एक पुरुष नसतोच. विशिष्टत्व गळून पडणे ही साधारणीकरणाची अट असेल तर साचा तिला अनुकूलच ठरतो. या कादंबऱ्यांना रससिद्ध ठरवण्याचा येथे हेतू नाही. त्यांतील विभाव बहुतेक वेळा इतके विरळ असतात की रती केवळ नावापुरती उरते. परंतु वाचणारीला कल्पित आणि वास्तव यांतील भेद कळत नाही, हा आरोप टिकत नाही. याच वाचक स्त्रियांनी नायकाचा क्रूरपणा मर्यादेबाहेर गेलेली पुस्तके फसलेली म्हणून बाजूला टाकली होती. त्या प्रकाराच्या आतही निवड आणि निवाडा चालूच असतो.

वाचक भोळी नाही, असे एकदा मान्य केले की जबाबदारीचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. उलट तो अधिक अटळ होतो. भाबड्या माणसाला जाब विचारता येत नाही, जाणत्याला विचारता येतो. सुख मिळण्यासाठी वाचकाला काही काळ कशाला तरी मान्यता द्यावी लागते. कशाला, हे विचारणे योग्यच आहे. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मधील (२००५) एडवर्ड बेलाला न कळत तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे पाहत राहतो. हा प्रसंग प्रेमाचा म्हणून वाचण्यासाठी पाळतीची भीती बाजूला ठेवावी लागते. जगभरच्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनीही ती ठेवली. पुस्तक मिटल्यावर ती पुन्हा हाती घेता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सर्वांच्या बाबतीत एकच असणार नाही.

मराठी प्रणयकादंबरीत बाजूला ठेवावी लागणारी गोष्ट निराळी आहे. तिच्यात प्रेमाच्या वाटेवर अडथळे पुष्कळ असतात: गैरसमज, दुखणे, श्रीमंती-गरिबी, दिलेला शब्द, थोरल्या भावाचा हट्ट. जात बहुधा नसते, कारण दोघांची आडनावे लेखकाने आधीच जुळवून ठेवलेली असतात. ‘श्यामा’ प्रसिद्ध झाल्यानंतरच्याच वर्षी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह आला. दोन्हीकडे माणसे आणि त्यांच्या वासना आहेत. पण एकीकडे काय झाकले गेल्यामुळे कथा इतकी सुरळीत चालते, हे दुसरीकडे वळल्यावर कळते. कामभावनेच्या उल्लेखावरून सात वर्षे न्यायालयात झगडणाऱ्या समाजाला आडनावांच्या या जुळवणीत आक्षेपार्ह काही वाटले नाही. प्रणयकादंबरीवरील नैतिक टीका करायचीच तर ती येथे करायला हवी होती. तिच्यातील सुख फार आहे म्हणून नव्हे, तर ते फार स्वस्तात मिळते म्हणून.

या टीकेची कसोटी कादंबरीपेक्षा एका चित्रपटाने अधिक नेमकी पुढे ठेवली. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) पूर्वार्ध प्रणयकथेचे सारे संकेत विनासंकोच वापरतो: विहीर, ऊस, चिठ्ठ्या, मंद गतीतील धावणे, अजय-अतुल यांचे संगीत. प्रेक्षागृहांत लोक उठून नाचले. अखेरीस आर्ची आणि परशा यांचा तिच्या माहेरच्या माणसांकडून खून होतो आणि लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांबरोबर चित्रपट निःशब्द होतो. पूर्वार्धात नाचणाऱ्यांना उत्तरार्धाने शिक्षा केली, असे या रचनेचे स्पष्टीकरण देता येते. ते अपुरे आहे. पूर्वार्धातील सुख खोटे असते तर शेवटी जे नष्ट झाले ते काय, हेच प्रेक्षकाला कळले नसते. प्रबोधनाचा चित्रपट म्हणून पहिल्या दृश्यापासून जातिव्यवस्था समजावून सांगितली असती, तर मृत्यू उदाहरण ठरला असता. ज्याने त्या दोघांच्या प्रेमाचा मनापासून आनंद घेतला त्यालाच तो मृत्यू घरातला वाटला. रिसबुडांची १८६८ ची तक्रार अशी की येथे प्रेम घडत नाही म्हणून अद्भुत लिहावे लागते. दीडशे वर्षांनी प्रेम घडते, आणि त्याची किंमत अशी मोजावी लागते. या दोन टोकांमध्ये ज्यांनी प्रणयकादंबऱ्या वाचल्या त्यांना आपल्याला काय दिले जात नाही याची कल्पना नव्हती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. खांडेकरांना वाटणारी भीती, की पुस्तकातले सुख जीवनातल्या सुखाची जागा घेईल आणि माणूस तेवढ्यावर समाधान मानील, ती मात्र यामुळे पूर्णतः दूर होत नाही. काहींच्या बाबतीत असे घडलेच असणार. कोणाच्या, हे बाहेरून सांगता येत नाही.

येथेच समीक्षकाची पात्रता हाही या प्रश्नाचा एक भाग होतो. सुखाला दिलेल्या मान्यतेची चिकित्सा करायची तर ते सुख आधी माहीत असावे लागते. ज्याला प्रणयकादंबरीने कधी बांधून ठेवले नाही त्याच्या हाती फक्त कथासूत्राचा गोषवारा असतो, आणि गोषवाऱ्यात ‘शाकुंतल’ही विस्मरणाच्या एका योगायोगावर उभे दिसेल. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत लोकप्रिय साहित्याला आता जागा मिळू लागली आहे. प्रश्नपत्रिकेत तिच्या सामाजिक कारणांविषयी, बाजारपेठेविषयी, वैशिष्ट्यांविषयी विचारले जाते. त्यातील कोणते पुस्तक का आवडले आणि आवडताना कशाकडे डोळेझाक करावी लागली, असे मात्र विचारले जात नाही.

खाजगी वाचनालयांतील जुन्या कादंबऱ्या चाळताना कधी कधी एखाद्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या बारीक खुणा आढळतात: कोणाची फुली, कोणाचा ठिपका, कोणाचे आद्याक्षर. हे पुस्तक एकदा नेले होते, ते पुन्हा नेले जाऊ नये, म्हणून नेहमीचे वाचक त्या करून ठेवत. कादंबऱ्या एकमेकींसारख्या असल्यामुळे वाचणाऱ्यांच्या ध्यानातही राहत नसत, याचा पुरावा म्हणून या खुणांकडे बोट दाखवता येते. क्वचित एकच आद्याक्षर दोनदा आढळते, दोन वेगळ्या पेन्सिलींनी लिहिलेले.